कासूच्या पाव्हण्यांचा ब्रेक

कासू,
२६ सप्टेंबर १९९९

दादास सरूचा नमस्कार.

आम्ही इकडे धड आहोत. तुमची खुशाली काळुरामच्या तोंडून कळते. हे पत्र त्याच्याच हाती देतेय, कारण तो रोज सकाळच्या गाडीनं रोह्याला कामाला येतो आणि तुझ्या गॅरेजवरनंच जातो. उत्तर पण त्याच्याकडेच दे. तो त्याच्या आईकडे, म्हणजे आमच्या शेजारच्या विमलबाईकडे ठेवील. घरी पाठवू नको. का ते तुला ठाऊक हाय, तरी लिहिते, म्हणजे तुला परत एकदा वाचायला लागेल.

गेल्या वर्षी आपल्या दिनानाथच्या हळदीत हे मोटारसायकलवरनं आले, मांडवाच्या तोंडाशी ब्रेक मारला, गाडी केकाटली, आणि तू माईकवर बोललास, "मंडळी वाट द्या, कासूचे पाव्हणे डुकरावर बसून आले!" सगळं वरसे गाव हसलं. हे तिथनंच फिरले. जेवले नाय, हळद लावली नाय. घरी येऊन बोलले, केरू माझ्या घराची पायरी चढणार नाय आणि माझ्या गाडीला हात लावणार नाय. गेल्या भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं, दादा. ज्यांना भाऊ नाय त्या ओवाळतात तसं. माझा भाऊ तीन स्टेशनांवर धडधाकट बसलेला.

ते राहू दे, रडायला पत्र लिहीत नाय. ब्रेक अजून केकाटतो. हे दुरुस्त करत नायत. केला तर तू बरोबर होतास असं होईल ना! आणि आता नवीन काय सुरू झालंय ते ऐक. आवाज होऊ नये म्हणून हे पुढचा ब्रेक मारतच नायत. आळीत शिरताना गाडी बंद करून सोडून देतात. आळीत ठीक हाय, पण डोलवीला कंपनीत जायचं तर वडखळ नाक्यावरनं जावं लागतं. तिथे डंपर कसे येतात ते तू बघितलंस. काळुराम बोलला, नाक्यावर पण हे नुसता मागचा ब्रेक दाबून पाय घासत थांबतात. मला शिफ्ट सुटायची वेळ झाली की जेवण जात नाय.

तुला येता येणार नाय. मग मला शिकव. शिलाई मशीन मी सगळं उघडून परत लावते, चाक काय वाघ हाय? तिसरी पाळी करून आले की हे दुपारी चारपर्यंत झोपतात. तेवढा वेळ पुरेल काय ते लिही.

वहिनीला नमस्कार.

सरू

*

वरसे,
३० सप्टेंबर १९९९

सरूस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. अगो, तो माईक चुकून चालू राहिला होता. मी आपला बाजूच्या माणसाशी बोलत होतो. असो.

पायानं गाडी थांबवणं हा शुद्ध येडेपणा हाय. तू करशील, मला खात्री हाय. लहानपणी माझं घड्याळ उघडलं होतंस ते विसरलो नाय. ते अजून बंद हाय ती गोष्ट वेगळी.

ब्रेक केकाटतो म्हणजे मोडलेला नसतो. ड्रममध्ये अर्ध्या चंद्रासारखे दोन तुकडे असतात, त्यावर लायनर, म्हणजे घासणारी पट्टी, चिकटवलेलं असतं. घासून घासून त्यावर काचेसारखी चकाकी येते, वर धूळ बसते. तुमच्याकडे खाडीची खारी हवा, त्यात गंज. मग केकाटणार नाय तर काय करील?

आता काम. गाडी डबल स्टँडवर घे. इंजिनखाली वीट घाल म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल. एकटीनं करू नको, कुणीतरी हँडल धरायला पाहिजे. ब्रेकची केबल सोड, मीटरची केबल सोड. एक्सलचा नट सोड आणि दांडा बाहेर ओढ. चाक हातात येईल. त्याची एक बाजू झाकणासारखी निघते, तिला लायनर असतं. लायनर चपलेच्या पट्ट्याएवढं जाड असेल तर चालेल. कागदाएवढं असेल तर हात लावू नको, मला कळव, नवीन पाठवतो.

धूळ तोंडानं फुंकू नको, छातीत जाते. ओल्या फडक्यानं पूस. मग सोबत दिलेल्या पॉलिशपेपरनं लायनर आडवं घास, चकाकी जाईपर्यंत. ड्रम आतून पेट्रोलच्या फडक्यानं पूस आणि सुकू दे. आणि आता नीट वाच. काळुरामकडे डबीत पिवळं ग्रीस दिलंय. ज्या खिळ्यावर ते तुकडे उघडझाप करतात तिथे तांदळाच्या दाण्याएवढं लाव. एक दाणा. लायनरला एक थेंब लागला तर ब्रेक गेला म्हणून समज. ब्रेक घासला तरच थांबतो. त्याला कोरडंच ठेवायचं असतं.

लावताना झाकणाची खाच आणि फोर्कचा, म्हणजे चाक दोन्हीकडनं धरतो त्याचा, दांडा एकमेकांत बसला पाहिजे. नाय बसला तर ब्रेक मारल्यावर झाकण चाकाबरोबर फिरेल आणि पाव्हणे हवेत. हे तीनदा तपास. मग चाक हातानं फिरव, मोकळं फिरलं पाहिजे, ब्रेक दाबला की जागच्या जागी थांबलं पाहिजे.

नट खोलायचे पाने पण दिलेत. परत पाठव, मालक मोजतो.

केरू

*

कासू,
८ ऑक्टोबर १९९९

दादास नमस्कार.

झालं! गेला आवाज! पाने परत पाठवलेत, सगळे, मोजून.

काल दुपारी हे घोरायला लागले तेव्हा सुरुवात केली. हँडल मामंजींनी धरलं. त्यांना सांगितलं, मामंजी, यांना बोलायचं नाय. ते बोलले, "मी कशाला बोलतो? पोरगा माझा आयकतो काय?" खूश होते. बैलगाडी मोडीत काढल्यापासून त्यांना चाकाचं काम मिळालं नाय. गाडी गेली, बैल गेले, जू तेवढं पडवीत टांगून ठेवलंय. रोज पुसतात. चाळीस वर्षं पेणच्या गिरणीत भात वाहिलं त्यांनी, आणि कासूपासून पेणपर्यंत चाकानं कधी कुरकुर केली नाय, हे दिवसातनं एकदा सांगतात.

दांडा निघेना. मामंजींनी लाकडाच्या मोगरीनं हळू ठोकला तेव्हा सुटला. यांनी कूस बदलली. चाक निम्मं बाहेर, पाने अंगणभर, हे उठले असते तर काय सांगणार होते, गाडी धुतेय? पण उठले नायत. लायनर चपलेच्या पट्ट्याएवढं हाय. काच असावी तसं चकाकत होतं. घासलं. ग्रीस एक दाणा लावलं. मामंजी बघत होते, बोलले, "एवढुशानं काय व्हतंय गो सरू? बैलगाडीच्या आखाला वाटीभर तेल लागायचं. कुरकुरतं ते चाक कोरडं असतं. तुझा भाऊस कंजूस हाय." मी हसले. खाच तीनदा तपासली. साडेतीनला सगळं जागेवर.

रात्री हे कामावर गेले, आज सकाळी परत आले. मी दारात उभी. आळीत शिरले ते गाडी चालू ठेवूनच. ब्रेक मारला, ब्रेकचा आवाज नाय. परत मारला. मग गाडी फिरवली आणि घराला दोन फेऱ्या घातल्या, देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा. उतरून बोलले, "बघ, आपोआप गेला आवाज. उगाच लोक बोंबलत होते." मी बोलले, व्हय, आपोआप. आणि चुलीकडे तोंड करून हसले.

आता आवाज नाय म्हणजे रागाचं कारण नाय. भाऊबीजेपर्यंत मन वळवते.

सरू

*

वरसे,
१२ ऑक्टोबर १९९९

सरूस आशीर्वाद.

शाबास. मालकाला सांगितलं तर तो बोलला, बहिणीला बोलाव, तुला काढतो.

मामंजींना सांग, मी कंजूस नाय. जिथे तेल पाहिजे तिथे वाटीभर घालतो.

मन वळवायची घाई करू नको. मी पण यायला उतावीळ नाय. खरं म्हणजे हाय. तुझी वहिनी बोलते, गेल्या भाऊबीजेला मी पाटावर बसल्यासारखा दिवसभर खुर्चीवर बसून होतो.

केरू

*

कासू,
२२ ऑक्टोबर १९९९

दादा,

हे पडले. जिवाला धोका नाय, आधी तेवढं वाच.

दसऱ्याला दुसरी पाळी होती. सकाळी गाडीची पूजा केली, झेंडूचा हार घातला, दुपारी निघाले. वडखळच्या अलीकडे पुढचा डंपर थांबला आणि यांची गाडी थांबली नाय. यांनी गाडी डावीकडे घातली, रस्त्याच्या खाली भातात गेली. भात उभं होतं म्हणून वाचले. डाव्या मनगटाला प्लास्टर घातलंय, तीन आठवडे. तोंड सोललंय. लोकांना सांगतात, कुत्रं आडवं आलं.

कुत्रं नव्हतं रे दादा. गाडी टेम्पोत घालून घरी आणली. मी पडवीत पुढचं चाक उचलून फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. मागचं पण तसंच. तू बोलला होतास, एक थेंब लागला तर ब्रेक गेला. माझ्या हातालाच लागलं असेल आणि तोच हात लायनरला लागला असेल. मला आठवत नाय, पण दुसरं कोण? मी माझ्या नवऱ्याला डंपरखाली घालत होते. चुलीकडे तोंड करून हसत होते ना मी, ते आता आठवतं.

यांना काय सांगू? सांगितलं तर बोलतील, तुझ्या भावाच्या नादाला लागून केलंस. मग तू कधीच येणार नायस. नाय सांगितलं तर मला भाकरी गिळवत नाय. मामंजी बिचारे यांच्या उशाशी बसून असतात, कपाळाला हळद लावतात, दृष्ट काढतात.

सरू

*

वरसे,
२५ ऑक्टोबर १९९९

सरू,

रडणं थांबव आणि मी सांगतो ते कर. तुझ्या पत्रात एक गोष्ट बसत नाय. मागच्या चाकाला तू हात लावलास काय? नाय ना? मग मागचा ब्रेक कसा गेला? आणि तुझ्या हातानं लागलं असतं तर ब्रेक आठ तारखेलाच गेला असता, बारा दिवस थांबला नसता.

पुढचं चाक परत खोल. पाने परत पाठवतो. लायनरला काय लागलंय ते बघ. माझं ग्रीस पिवळं, घट्ट, लोण्यासारखं. त्याचा रंग बघ आणि वास घे. बोटानं पुसून नाकाशी धर आणि मला लिही.

तोपर्यंत कुणाला एक शब्द बोलू नको.

केरू

*

कासू,
२८ ऑक्टोबर १९९९

दादा,

खोलायच्या आधीच कळलं. झाकणाच्या आणि चाकाच्या फटीत कोंबडीचं पीस अडकलेलं. तांबडं, तेलानं चिकटलेलं. आत दोन्ही लायनर ओले, काळपट, पातळ तेल. वास घ्यायला बोट नाकाशी न्यावं लागलं नाय, करंजाच्या तेलाचाच वास. करंजेल.

खंडेनवमीला मामंजींनी गाडी विहिरीवर नेऊन धुतली होती. मला बोलले होते, उद्या दसरा, गाडीची सगळी तयारी मी करतो. पूर्वी बैलगाडीचं पण असंच करायचे. चाकं धुवायची, आखाला कोंबडीच्या पिसानं करंजेल सोडायचं, मग हळदकुंकू. या गाडीला आख दिसला नाय, फट दिसली. दोन्ही चाकांच्या फटीत घातलं. माझा एक दाणा त्यांच्या मनात सलत होता ना! सुनेनं कंजुषी केली, आपण भरून काढू. लेकाची गाडी कुरकुरू नये.

दादा, हे त्यांना कळता कामा नये. कळलं तर तो माणूस जेवणार नाय. चाळीस वर्षांत ज्याच्या चाकानं कुणाला इजा केली नाय, त्यानं तेल घालून पोटचा पोरगा पाडला. ते जू खाली काढून चुलीत घालतील. मला ते बघायचं नाय.

मी लायनर पेट्रोलनं पुसलं, पण ते प्यायलंय, वास जात नाय. पीस मी चुलीत टाकलं.

आज हे उठून अंगणात आले की सांगणार, माझ्या हातनं ग्रीस जास्त झालं. काय बोलायचं ते मला बोलतील. भाऊबीज जाऊ दे. चंद्र हाय.

सरू

*

वरसे,
२८ ऑक्टोबर १९९९, संध्याकाळ

रा. रा. गोविंदराव पाव्हणे यांस केरूचा रामराम.

पत्र फाडायच्या आधी वाचा. काळुराम सरूचं पत्र घेऊन आला, तोच हे परत घेऊन येतोय. थेट तुमच्या हाती द्यायला सांगितलंय.

तुम्ही कुत्र्यामुळे पडला नाय. तुम्ही माझ्यामुळे पडला. सरूनं मला विचारलं होतं की ब्रेकचा आवाज कसा घालवायचा. तिला तुमची काळजी होती, दुसरं काय नाय. मी पत्रातनं शिकवलं, तिनं तुम्ही झोपलेले असताना चाक खोललं. तिनं मी सांगितलं तेवढंच केलं. पण मी चुकीचं सांगितलं. दोन्ही चाकांच्या लायनरला ग्रीस चोपड असं लिहिलं. पंधरा वर्षं गॅरेजात काढलेल्या माणसाची ही चूक, पण झाली. तिला ओरडू नका. तुमच्या बाबांना पण यातलं काय ठाऊक नाय. शिव्या द्यायच्या तर मला द्या. दोन्ही चाकांचं नवीन लायनर मी पाठवतो, पेणमधल्या कुणाकडून पण बसवून घ्या.

आता लिहायला बसलोच हाय तर एक लिहितो. सरूला मी सांगत आलो की हळदीत माईक चुकून चालू राहिला. खोटं हाय. माईक मी हातात घेतला. तुम्ही कंपनीचा शर्ट घालून, नवीन गाडीवरनं येत होता, सगळ्या पोरांनी तुमच्याकडे वळून बघितलं. मी दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करतो, माझ्या स्वतःच्या बुडाखाली सायकल हाय. मला जळजळ झाली. म्हणून बोललो. दीड वर्ष झालं, मला त्याची लाज वाटते.

बाकी तुमची मर्जी.

केरू

*

कासू,
५ नोव्हेंबर १९९९

केरूदादास गोविंदाचा रामराम.

पत्र आठ दिवस खिशात ठेवलं. मला लिहायची सवय नाय, त्यात डावा हात प्लास्टरात, कागद सरकतो. तो बाबांनी धरलाय. त्यांना वाचता येत नाय म्हणून बरं.

तुझ्या पत्रात एक खोटं हाय आणि एक खरं हाय. आधी खोटं सांगतो.

सरूनं चाक खोललं ते मला त्याच दिवशी कळलं होतं. बायकोच्या हाताला पेट्रोलचा वास येतो, इंजिनखालची वीट पडवीत तशीच पडलेली, आणि नवरा ओळखत नाय होय? घराला दोन फेऱ्या मारल्या त्या आनंदानंच मारल्या. पण तोंडानं बोललो असतो तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं. म्हणून बोललो, आपोआप गेला. ती पाठ फिरवून हसत होती ते पण बघितलं.

तू ग्रीस चोपड असं लिहिलं नाय. भातात पडलो तेव्हा पुढचं चाक माझ्या तोंडापाशी फिरत होतं. वास आला. लहान असताना मी बाबांच्या गाडीखाली, आखाखाली झोपायचो. पेणला भात उतरवेपर्यंत ऊन लागू नये म्हणून. करंजेल माझ्या केसांत ठिबकायचं. तो वास मला मेल्यावर पण कळेल. तिथे पडल्या पडल्या कळलं कुणी केलं, आणि लोक धावत यायच्या आत कुत्रं तयार केलं. सरूला पण कुत्रंच सांगितलं. ती बिचारी मला सांगायला आली की तिच्या हातनं ग्रीस जास्त झालं. मी बोललो, बरं, असेल. तू दुसरीकडनं तेच लिहितोस. अरे, एका म्हाताऱ्यासाठी तिघं जणं तीन खोटी बोललो आणि एकमेकांना पत्ता नाय.

बाबांनी काल विचारलं, "चाक हलकं फिरतंय ना रे आता?" मी बोललो, व्हय बाबा, लोण्यासारखं फिरतंय. ते तेवढ्यावर जेवले.

आता खरं. माईकचं. ते वाचून मला राग आला, मग गेला. शर्टाचं तू लिहिलंस ते बरोबर हाय. मी तो मुद्दाम घातला होता. त्या दिवशी सुट्टी होती. आणि डुक्कर बोललास त्याचं मला तेवढं लागलं नव्हतं. आवाज डुकरासारखाच होता. सगळे हसले तेव्हा सरू पण हसली, ते लागलं. ते तुला सांगतोय, तिला सांगू नको.

भाऊबीजेला ये. गेल्या वर्षी ती अंगणात निरांजन घेऊन चंद्राकडे बघत उभी होती, मी आत खाटेवर पडून खिडकीतनं बघितलं. उठलो नाय. यंदा मला ते परत बघायचं नाय. दुपारच्या गाडीनं ये, वहिनीला घेऊन. लायनर आण. तूच बसव, माझ्या पडवीत बसून. मी शब्द परत घेतो, पायरीचा पण आणि गाडीचा पण.

एक काम हाय. बाबा माझं ऐकत नायत, मी पोरगा. तू मेस्त्री, तुझं ऐकतील. त्यांना सांग, नवीन गाडीत चाकाला तेल चालत नाय, चेनला लागतं, आणि ते काम जुन्या गाडीवानालाच जमतं. पिसानंच घालायचं, एकेका कडीला. ते तुला कंजूस बोलतात, तेव्हा जरा जास्तच घालायला सांग.

काळुराम निघालाय, आटोपतो.

गोविंदा

ता. क. बाबा विचारत होते, कुणाला एवढं लिहितोस. केरूला, म्हटलं. ते बोलले, "त्याला लिही, येताना बाटलीभर करंजेल आण. घरातलं संपलं, गाडीला पुरलं नाय." तर आण.